कड बघणाऱ्या कुमुदबाई

कुमुदबाई मांजराला ‘अहो’ म्हणायच्या आणि मांजर घेऊन येणाऱ्या माणसाला ‘अरे’.

“अहो, मान जरा इकडं करा. हां, शाब्बास. आणि तू रे, तू कशाला थरथर कापायलास? तुला सुई नाही टोचायची.” हे एका मिशाळ पोलीस अधिकाऱ्याला. तो बिचारा टोपी काखेत धरून कोपऱ्यात उभा, आणि त्याची मांजर टेबलावर पाय पसरून अशी बसलेली की जणू तीच त्याला तपासायला घेऊन आलीय.

मी दत्ता. हैदराबादच्या हिमायतनगरात एक एक्स-रे सेंटर आहे, तिथं मी फोटो काढतो. माणसांचे. निदान बोर्डावर तरी तसं लिहिलंय. पण दुपारी दीड ते तीन आमचं शटर अर्धं खाली असतं, आणि कितीतरी वर्षं त्या दीड तासात आमच्या टेबलावर मांजरी झोपल्या. आमच्या मालक-डॉक्टरांच्या सासूबाईंची मांजर कुमुदबाईंनी एकदा बरी केली होती, तेव्हापासून त्यांना ‘नाही’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्या काळात मी डबा गरम खाल्ला असेल तर शपथ. मांजर गेली की टेबल तीनदा स्पिरिटनं पुसायचं, केस वेचायचे, आणि तीन वाजता गुडघेदुखीच्या आजी आल्या की साळसूद चेहऱ्यानं म्हणायचं, “या आजी, झोपा.” एका आजींना संशय आलाच. “बेटा, यहाँ बिल्ली की बू आती क्या?” मी म्हणालो, “आती अम्मा, बाजूवालों की है.”

बाईंच्या स्वतःच्या बोक्याच्या जबड्याला गाठ आली तेव्हा काय झालं, ते मला खरं सांगायचंय. तो जगणार की बाई त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणार, हे तीन आठवडे टांगणीला लागलं होतं. पण आधी बाई कशा होत्या ते कळलं नाही तर त्यातली मजाही कळायची नाही आणि माझी उडालेली गाळणही.

डॉ. कुमुद बिरादार उदगीरकडच्या शेतकरी घरातल्या. जनावरांची डॉक्टरकी शिकायला हैदराबादला आल्या आणि इथंच राहिल्या. सगळी सरकारी नोकरी म्हशींच्या मागं गेली. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायच्या, “वेळ कुठं होता रे? एकीचं बाळंतपण झालं की दुसरी तयार.” निवृत्त झाल्यावर चिक्कडपल्लीच्या एका मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या खोलीत स्वतः. दवाखान्याला पाटी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी इडलीवाला होता, त्याला विचारलं की तो वर न बघता पळीनं दिशा दाखवायचा.

दवाखाना फक्त मांजरांचा. कुत्रं आणलं तर बाई दारातूनच परत पाठवत. “कुत्रं दुखलं की ओरडतं, लंगडतं, सगळ्या मोहल्ल्याला सांगतं. त्याला डॉक्टर कशाला? कुणीबी औषध देईल. मांजर सांगत नाही काही.” आणि मांजरांतही बाईंचा जीव अडकलेला हाडावरच्या गाठींत. ताप, जुलाब, खरूज हे सगळं त्या करायच्या, पण जांभई आवरत. कुणी म्हणालं, “डॉक्टर, हिच्या पायाला कडक काहीतरी लागतंय,” की बाईंचे डोळे लकाकायचे. स्टूल पुढं ओढायच्या. मागं पाच माणसं खोळंबली तरी पर्वा नाही.

दवाखान्यात दोन गोष्टी बोलायला बंदी होती. एक ‘कॅन्सर’ आणि दुसरी ‘काही नसेल हो’. “दोन्ही आळशी माणसाची भाषा,” बाई म्हणायच्या. “एकाला बघायचं भ्या वाटतं, दुसऱ्याला बघायचा कंटाळा.” त्यांचा क्रम ठरलेला. आधी हात. मग फोटो, तोही समोरून एक आणि बाजूनं एक. तरी शंका उरली तर गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. हे सगळं होईतो गाठीला नाव द्यायचं नाही. चार दिवसांची मांजर असो नाहीतर चौदा वर्षांची, क्रम बदलायचा नाही.

त्यांच्या पिशवीत एक ॲल्युमिनियमचा डबा असे. आत एक हरभरा, एक शेंगदाणा, एक सुपारी आणि एक लिंबू. “लई मोठी गाठ आहे डॉक्टर,” असं कुणी म्हणालं की डबा पुढं. “दाखव, यातली कोणती?” घाबरलेला माणूस हमखास लिंबू उचलायचा. बाई हात लावून बघत, त्याच्या हातातलं लिंबू काढून घेत आणि तिथं हरभरा ठेवत. “हे घरी ने. महिन्यानं परत ये. शेंगदाणा झाला तर लवकर ये.” लिंबू दर आठवड्याला बदलावं लागे, आणि जुनं लिंबू त्या दिवशीच्या वरणात जाई. मी त्यांच्याकडं दोन-चारदा जेवलोय, म्हणून हे जरा हळूच सांगतो.

त्यांचं हात लावणं बघण्यासारखं होतं. डोळे मिटायच्या, तोंड खिडकीकडं करायच्या आणि मालकाशी भलत्याच गप्पा सुरू करायच्या. कुठं राहतोस, घरमालक कसाय, पाणी किती वाजता येतं. इकडं बोटं मांजराच्या अंगावरून चालत असायची. मांजराला वाटायचं आपले लाड चाललेत. गाठ हाडाला घट्ट आहे की बोटाखाली सरकतेय, एकच आहे की आणखी कुठं लपलीय, हे सगळं घरमालकाच्या चहाड्या ऐकता ऐकता त्यांना कळायचं. “ओरडायची वाट बघू नको दत्ता, कान बघ,” मला सांगायच्या. “दुखलं की कान मागं जातोय बघ. बस, तेवढंच सांगतंय ते.”

फोटो त्यांना कंप्युटरवर चालायचा नाही. “ते टीव्ही बघितल्यासारखं वाटतं. फिल्म काढून दे.” मग ती फिल्म घेऊन आमच्या अर्ध्या शटरखाली वाकून उन्हात उभ्या राहायच्या, आणि स्वेटरची सुई गाठीच्या कडेवरून गोल फिरवत जायच्या. रस्त्यावरचे लोक बघत थांबायचे. “मधलं सगळेच बघतात रे. कड बघ, कड. आईनं थापलेली भाकरी आणि उंदरानं कुरतडलेली भाकरी, फरक कळतोय का? मग झालं.” कड अख्खी, गुळगुळीत असेल तर गाठ बहुतेक साधी. कड कुरतडलेली, हाडात घुसलेली असेल तर काळजीचं. “पण बहुतेक,” असं म्हणून सुई माझ्या नाकासमोर यायची. “भाकरी बघून पीठ ज्वारीचं का बाजरीचं ते कळेल, पण भेसळ कळंल का? म्हणून तुकडा.”

मी रीतसर डिप्लोमा केलेला माणूस. तिथं मला हे कुणी असं शिकवलं नव्हतं. पुढं पुढं माणसांच्या फोटोतही माझी नजर आधी कडेवर जायला लागली. एकदा मालकांनी विचारलंसुद्धा, “दत्ता, आजकाल बारीक बघायलास, कुणाकडं शिकतोस?” मांजरींकडं, असं कसं सांगणार?

देशपांडे आजोबांची गोष्ट सांगितली नाही तर बाई रागावतील. हिमायतनगरातलंच कुटुंब, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, मुलगा, सून आणि मनी नावाची पांढरी मांजर. घर असं कडक शाकाहारी की कांदासुद्धा चातुर्मासात गल्लीबाहेर. मनीची मान वळेना. अंग चाटता येईना, ताटलीपर्यंत तोंड नेता येईना. कुणीतरी सांगितलं होतं की मणक्याला गाठी आल्यात, आता फार दिवस नाहीत. सगळं कुटुंब रडवेलं होऊन आमच्या सेंटरात आलं.

मी फोटो काढला. मानेच्या मणक्यांवर मेणबत्ती वितळून ओघळावी तसं हाड साचलेलं, दोन-तीन मणके एकमेकांना चिकटलेले. मला वाटलं, संपलं. बाईंनी कड बघितली आणि फिल्म खाली ठेवली.

“काय खायला देता हिला?”

“दूध-पोळी,” सून म्हणाली. “वर तूप.”

“आणखी?”

“आणखी काय? आमच्याकडं दुसरं काही नसतंच.”

बाईंनी सगळ्यांकडं एकेकदा बघितलं. मग मुलाला आणि सुनेला म्हणाल्या, “बाहेर बसा दोघं. दत्ता, शटर ओढ.” आजोबा एकटे उरले. बाई मनीचे कान खाजवत, आजोबांकडं न बघता, कसायाच्या दुकानातल्यासारख्या घाईच्या आवाजात म्हणाल्या, “पाव किलो, के आधा?”

“पाव किलो, रोज,” आजोबा म्हणाले, आणि मग दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मी हसू दाबायला एक्स-रेच्या खोलीतला शिशाचा ॲप्रन तोंडावर धरला. आजोबा सकाळी फिरायला जायचे, नारायणगुड्याच्या बाजूनं कलेजी आणायचे आणि बागेच्या भिंतीमागं मनीला भरवायचे. दोन वर्षं. अशक्त वाटत होती म्हणून सुरुवात केली, मग तिला दुसरं काही आवडेना. बाईंनी सांगितलं, “आजोबा, या गाठीबिठी नाहीत. रोज कलेजी खाल्ली की त्यातलं जीवनसत्त्व मांजराच्या हाडावर असं चढतं. आजपासून बंद. जे चिकटलंय ते सुटायचं नाही, पण पुढं चढणार नाही. जगेल ती.” आजोबांनी हात जोडले. “घरात सांगू नका डॉक्टर.” बाईंनी शटर वर केलं आणि मुलाला म्हणाल्या, “वय झालंय. बाजारात मिळतं ते मांजराचं खाणं सुरू करा.” सून जाताना मागं राहिली आणि बाईंच्या कानाशी म्हणाली, “मला माहीत होतं हो. ती पिशवी मीच धुते ना.”

या गोष्टीवर बाई महिनाभर खूश होत्या. मला रोज विचारायच्या, “दत्ता, कसा आवाज काढला मी?”

पण दुसरी एक गोष्ट होती, ती बाई कुणाला सांगायच्या नाहीत. मला सांगायची गरज नव्हती, कारण मी त्यात होतो.

जामबागेत सरोजाम्मा म्हणून एक फुलं विकणारी बाई. तिच्या टोपलीशेजारी एक तरणी, काळी मांजर बसायची. त्या मांजरीच्या खांद्याच्या हाडावर गाठ आली. बाईंचा दवाखाना तेव्हा नवा होता. हात लावला, मग आमच्याकडं आल्या. मी एक फोटो काढला. मांजर हललं, कड धुरकट आली. ते मला दिसलं. बाहेर माणसांची रांग लागली होती, तीन वाजायला आले होते. बाईंनी विचारलं, “नीट आलाय का रे?” मी म्हणालो, “चालेल.” धुरकट कड बघून बाईंना वाटलं, हाड कुरतडलंय. गाठ भराभर वाढत होती, मांजर लंगडत होतं. त्यांनी सरोजाम्माला सांगितलं, वाईट आहे, त्रास काढण्यापेक्षा झोपवू. त्याच संध्याकाळी झोपवलं. जाता जाता सवयीनं तुकडा घेतला आणि तपासायला पाठवला.

अहवाल आला. हाडावर कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, टोपी असलेली साधी गाठ. कापून काढली असती तर मांजर बरं झालं असतं.

दुसरं कुणी असतं तर तो कागद फाडून टाकला असता. सरोजाम्माला कोण सांगायला जाणार होतं? बाई रिक्षा करून जामबागेत गेल्या, मला घेऊन. फुलांच्या टोपलीसमोर उकिडव्या बसल्या आणि तेलुगूत सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. सरोजाम्मा हार ओवत होती. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, “आता मला कशाला सांगायला आलीस अम्मा?” आम्ही परत आलो. तेव्हापासून दोन फोटोंचा नियम झाला, आणि तुकड्याआधी नाव न देण्याचाही. तो फोटो हललेला आहे हे मला आधीच दिसलं होतं, हे मात्र मी बाईंना कधी सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

आता दादासाहेब.

दादासाहेब म्हणजे बाईंचा बोका. पिवळा, एक कान फाटका, अंगानं पैलवान, स्वभावानं तहसीलदार. इडलीवाल्याच्या छपरावरून एक दिवस बाईंच्या खिडकीत उतरला आणि राहिला. बाईंच्या पेल्यातलं दूध प्यायचा, बाईंच्या उशीवर झोपायचा, दवाखान्यातल्या मांजरांवर गुरगुरायचा. “अहो दादासाहेब, पेशंट आहेत,” असं बाई म्हणायच्या, तर तो पाठ करून बसायचा.

एक दिवस दीड वाजता बाई टोपली घेऊन आल्या. टोपलीत दादासाहेब. बाईंचा चेहरा असा की मी जेवणाचा डबा झाकून ठेवला.

“दत्ता, कॅन्सर आहे.”

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. खालच्या जबड्याला गाठ, दगडासारखी. दोन दिवस नीट खाल्लं नव्हतं, लाळ गळत होती. म्हातारी मांजरं, जबडा, बहुतेक वेळा वाईटच निघतं, हे खरं होतं. ते मलाही माहीत होतं.

“श्रावणीला फोन केलाय,” बाई म्हणाल्या. श्रावणी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता शहरात मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करते. “उद्या सकाळी जाते. झोपवते त्यांना. त्रास नाही द्यायचा.”

“मग इथं कशाला आलात?”

त्या टोपलीकडं बघत उभ्या राहिल्या.

“फोटोशिवाय नाव, बाई? नियम कुणाचा आहे?”

“नियम दुसऱ्यांच्या मांजरींसाठी असतात रे,” बाई म्हणाल्या, आणि हे त्या अगदी गंभीरपणे बोलल्या. मी मनातल्या मनात म्हणालो, हौ, सापडल्या.

मी दादासाहेबांना टेबलावर घेतलं. बाईंनी पाय धरले. पहिला फोटो काढला, बघितला, तर हललेला. बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “चालेल रे. पुरे.”

तेच ते ‘चालेल’. मी नीट बघितलं तर बोका हललाच नव्हता. बाईंचे हात थरथरत होते.

“नाही चालणार,” मी म्हणालो. “बाई, तुम्ही बाहेर थांबा.”

“काय?”

“बाहेर थांबा. त्या खुर्चीत बसा. तुमच्यामुळं पेशंट हलतोय.”

सगळ्या हैदराबादच्या मांजरवाल्यांना कोपऱ्यात उभं करणारी ती बाई, माझ्याकडं बघत राहिली आणि निमूट जाऊन खुर्चीत बसली. माझी काय अवस्था झाली असेल! दादासाहेबांना मी टॉवेलात गुंडाळलं, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, “अहो, कृपा करा,” म्हणालो. त्यांनी मनगटाला ओरखडा काढला, पण हलले नाहीत. समोरून एक, बाजूनं एक.

फिल्म घेऊन मी बाहेर गेलो. गाठ पांढरीशुभ्र, भरीव. कड अख्खी. गोल, गुळगुळीत, कुठंही खोक नाही.

“भाकरी अख्खी आहे, बाई.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणायलास तू.”

“सुई घ्या तुमची. बघा.”

त्यांनी सुई फिरवली. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवताना त्यांचा हात जरा स्थिर झाला. मग मला म्हणाल्या, “फोन लाव श्रावणीला.” मी लावून दिला. “उद्या येते ग,” म्हणाल्या. “झोपवायला नको. तुकडा काढायला.”

तुकडा गेला. आता हाडाचा तुकडा म्हणजे लगेच चिरता येत नाही, आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, मग पातळ काप काढून बघतात. दोन-तीन आठवडे लागतात. हे बाईंनी शंभर लोकांना समजावलेलं. स्वतः मात्र तिसऱ्या दिवशी फोन केला.

“आला का रे रिपोर्ट?”

“बाई, हाड आहे. भिजायला वेळ लागतो. तुम्हीच सांगता.”

“हौ हौ, माहितीय मला.” आणि दुसऱ्या दिवशी परत, “आला का?”

रिपोर्ट माझ्या मोबाईलवर येणार होता, कारण बाईंकडं बटणांचा फोन. त्यामुळं मी जिकडं जाईन तिकडं बाई. भाजी घेताना बाई, देवळात बाई. माझी बायको म्हणाली, “मांजर त्यांचं आहे की तुमचं?” मधल्या काळात मी एकदा चिक्कडपल्लीला गेलो, तर बाई चमच्यानं दादासाहेबांना उकडलेल्या कोंबडीची पेज भरवत होत्या आणि प्रत्येक घासाला, “घ्या, एवढाच,” म्हणत होत्या. मला खोडसाळपणा सुचला. कोनाड्यातला त्यांचा डबा उघडून पुढं धरला. “बाई, गाठ यातली कोणती?”

बाईंनी लिंबू उचललं.

गाठ सुपारीएवढीच होती. बाईंनी हातातल्या लिंबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि “चहाटळ कुठला,” असं म्हणून ते मला फेकून मारलं. पण हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी रिपोर्ट आला. मी फोनवर सांगितलं नाही, मालकांना म्हणालो डोकं दुखतंय, आणि स्कूटर काढली. बाई दवाखान्यात एकट्याच होत्या. दादासाहेब टेबलाखाली.

“आलाय,” मी म्हणालो.

“थांब.” त्या स्टुलावर बसल्या. “पहिल्यापासून वाच. मधलं गाळू नको.”

त्या सगळ्यांना असंच सांगायच्या. मी वाचायला लागलो. प्राण्याचं नाव, वय, तुकडा कुठून काढला, किती मोठा, रंग कसा. चौथ्या ओळीला बाईंनी मोबाईल हिसकावून घेतला. चष्मा डोक्यावर होता, तो त्या टेबलावर शोधत राहिल्या. शेवटी फोन परत दिला. “वाच रे लवकर, काय करायलास!”

“हाडाची साधी गाठ,” मी म्हणालो. “ऑस्टिओमा. वाईट पेशी कुठंच नाहीत.”

“परत वाच.”

मी परत वाचलं. मग बाई रडल्या. पदर तोंडावर घेऊन, आवाज न करता, खांदे हलवत. मलाही आवरलं नाही. टेबलाखालून दादासाहेब आम्हा दोघांकडं तुच्छतेनं बघत होते.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, “त्या दिवशी मी सरळ श्रावणीकडं गेले असते तर?”

“गेला नाहीत ना.”

“तू अडवलंस म्हणून.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “सरोजाम्माच्या वेळी आपण दोघांनी अडवायला पाहिजे होतं रे.”

आपण दोघांनी. मी वर बघायचं टाळलं. म्हणजे बाईंना माहीत होतं. तो फोटो हललाय हे मला तेव्हाच दिसलं होतं, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “बाई, मी तेव्हा...” त्या म्हणाल्या, “हौ. चहा ठेव जा.” मी आत जाऊन चहा ठेवला.

गाठ साधी असली तरी ती दातांवर दाबत होती, खाऊ देत नव्हती. ती काढणं भाग होतं. बाईंचे हात आता तसे राहिले नव्हते, म्हणून शस्त्रक्रिया श्रावणीनं करायची ठरली. ती नीट पार पडली. दादासाहेब जरा वाकड्या तोंडाचे झाले, इतकंच, आणि श्रावणी म्हणते, ते त्यांना शोभून दिसतं. पुढच्या महिन्यात त्यांचा पुतण्या येऊन बाईंना कायमचं उदगीरला घेऊन गेला, बोक्यासकट. त्या दिवशी माझी मुलीच्या शाळेत मीटिंग होती, निरोपाला जाता आलं नाही. फोनवर बोलणं होतं, आवाज खणखणीत आहे, तिकडच्या डॉक्टरांना शिव्या देणंही चालू आहे. पण बाईंना मी शेवटचं पाहिलं ते शस्त्रक्रियेच्या सकाळी, श्रावणीच्या दवाखान्यात.

मला पोचायला उशीर झाला होता. मी काचेचं दार अर्धं उघडून आत बघितलं. ओळीनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आपापली जनावरं घेऊन बसलेले लोक. बाई मधोमध. मांडीवर रिकामी टोपली, हातात नंबराची चिठ्ठी, घट्ट दुमडलेली. आत शस्त्रक्रियेच्या खोलीत त्यांना येऊ द्यायला श्रावणी तयार होती, पण बाई म्हणाल्या होत्या, “नको. माझ्यामुळं पेशंट हलतोय.”

शेजारी बुरख्यातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “आपका कुत्ता है के बिल्ली?”

“बिल्ली.”

“क्या हुआ उसकू?”

मी दारातच थांबलो. म्हटलं, आता हाड, कड, भाकरी, सगळं व्याख्यान निघणार. बाई म्हणाल्या, “गाठ थी. निकाल रहे. डर लग रहा मेरेकू.”

आजींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटत राहिल्या. बाईंनी तो काढून घेतला नाही.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. हिरव्या टोपीतली एक नर्स बाहेर आली, तिनं कागद बघितला आणि सगळ्यांवरून नजर फिरवत मोठ्यानं विचारलं, “दादासाहेब की मम्मी कौन है?”

म्हटलं, आता त्या पोरीचं काही खरं नाही. बाईंनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, दुसरं कुणी उठतंय का म्हणून. कुणी उठलं नाही. मग त्यांनी टोपली काखेत मारली, पदर सारखा केला आणि शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

“मैं,” बाई म्हणाल्या. “मैं हूँ.” आणि लगबगीनं आत गेल्या.